आधी पडदा सांग

आत्याचा फोन रविवारी दुपारी येतो, जेवणं उरकल्यावर. ती जयपुरात, मी पुण्यात. तब्येत, पाऊस, गावाकडची खबरबात एवढं झालं की ती विचारते, "मग? काय बघितलंस?" मी नावं सांगते. अमुक मालिका बघ, तमुक सिनेमा चुकवू नकोस. पलीकडे क्षणभर काही ऐकू येत नाही. मग आत्या म्हणते, "नाव नको गं. सांग."

आमच्या घरात 'सांग' या शब्दाला काय वजन होतं, ते समजायला जयपुरातल्या जुन्या परकोट्याच्या आत यावं लागेल. जोहरी बाजारातून आत शिरणारी एक गल्ली आहे, हल्दियों का रास्ता. तिथं एका हवेलीच्या मागच्या अंगाला माझ्या आज्जाची भट्टी होती.

आज्जा मूळचा सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. त्या भागात पाऊस कधी येतो आणि कधी येतच नाही. जमिनीवर पोट भरेना, म्हणून खानापूर, आटपाडी, तासगावची माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभरच्या सराफ बाजारांत पसरली. त्यांचा धंदा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देण्याचा. सोनाराच्या दुकानातली झाडलोटीची धूळसुद्धा ही माणसं विकत घेतात, आणि मूस, टाकणखार, तेजाब यांच्या बळावर त्या मातीतून गुंजभर सोनं वेगळं काढतात. आज्जा साठ सालाच्या आगेमागे जयपुरात आला, आधी एका नातेवाइकाच्या भट्टीवर हाताखाली. बोटांची टोकं भाजून भाजून गुळगुळीत झाली होती. लहानपणी मी त्याच्या बोटांवर रेषा शोधायची आणि त्या सापडायच्या नाहीत.

सिनेमा त्यानं गावाकडूनच बरोबर आणला होता. नऊ-दहा वर्षांचा असताना विट्याच्या बाजाराला आलेल्या तंबूत त्यानं 'संत तुकाराम' बघितला. प्रभातचा १९३६ सालचा तो चित्रपट तंबूंमधून खेडोपाडी वर्षानुवर्षं फिरत राहिला. आज्जाच्या सांगण्याप्रमाणे माणसं तंबूबाहेर पायताणं काढून आत बसली होती. विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले तेव्हा त्याच्या शेजारच्या म्हातारीनं हात जोडले आणि शेवटी तुकोबा वैकुंठाला निघाले तेव्हा ती रडली. पोरगा घरी पोचला तो मध्यरात्री. आई जागीच होती. तिनं मारलं नाही. कंदील बारीक केला आणि म्हणाली, "आता सांग समदं. पयल्यापास्नं." आज्जानं पहाटेपर्यंत सांगितलं. त्याची आई जन्मात कधी तंबूत गेली नाही, पण 'संत तुकाराम' तिला पाठ होता, आणि पुढे तिनं तो वाड्यातल्या बायकांना जात्यावर बसून सांगितला.

मला वाटतं, आपल्या सिनेमाच्या इतिहासात हा एक मोठा प्रेक्षकवर्ग नोंदवायचा राहून गेला आहे. ज्यांनी सिनेमा ऐकला, ते लोक. तिकिटं मोजता येतात, ऐकणारे मोजता येत नाहीत. बायका, आजारी माणसं, ज्यांच्या घरून परवानगी नव्हती त्या मुली, दुकान सोडून जाता येत नव्हतं ते गडी. एका तिकिटामागे घरात पाच-सात जण तरी असायचे.

जयपूर या बाबतीत जुनं शहर. सवाई रामसिंह महाराजांनी १८७८ साली इथं रामप्रकाश नाटकघर बांधलं, मुंबईकडच्या पारशी नाटकांच्या धर्तीवरची नाटकं व्हावीत म्हणून. पुढे तिथंच सिनेमा लागू लागला. आज्जानं जयपुरातले पहिले सिनेमे रामप्रकाशमध्ये बघितले. हवामहालाच्या बाजूनं चालत जायचं, चालत यायचं. पण तो त्या सिनेमांबद्दल फार बोलत नसे. त्याच्या बोलण्यात जे थेटर शेवटपर्यंत राहिलं, ते पांच बत्तीजवळचं राजमंदिर.

राजमंदिरची कोनशिला १९६६ साली मुख्यमंत्री मोहनलाल सुखाडिया यांच्या हस्ते बसली. मालक मेहताबचंद्र गोलछा. इमारत उभी राहायला दहा वर्षं लागली आणि १ जून १९७६ रोजी, हरिदेव जोशी मुख्यमंत्री असताना, ती उघडली. पहिला सिनेमा रामानंद सागर यांचा 'चरस'. धर्मेंद्र आणि हेमा मालिनी. त्या दहा वर्षांत बाजारात नाना गोष्टी पसरल्या होत्या, असं आत्या सांगते. आत खरी रत्नं बसवणार आहेत, असंसुद्धा लोक म्हणायचे. या अफवेला कारण होतं. आतल्या वर्गांची नावंच पर्ल, रूबी, एमरल्ड आणि डायमंड अशी ठेवली होती, आणि दर्शनी भिंतीवर नऊ तारे होते, नवरत्नांचे. सगळा जोहरी बाजार म्हणे त्या उन्हाळ्यात एकमेकांना विचारत होता, "माणकात बसलास की पाचूत?"

आमची माणसं मोत्यात बसली, म्हणजे पुढे.

जून महिना. जयपूरची लू सुरू. आज्जा दिवसभर भट्टीसमोर. आत्या चौदा वर्षांची, काका अकरा. आज्जी गेली नाही. पेटती भट्टी आणि लहान लेकरू घरात असताना दोघांनी एकदम बाहेर पडायचं नाही, हा तिचा स्वतःचाच नियम होता. तिघं सायकलरिक्षानं पांच बत्तीला उतरले. पुढचं आत्या जसं सांगते तसंच लिहिते, कारण तिच्या सांगण्यात आजही एक शब्द इकडचा तिकडे होत नाही.

"दार उघडलं आणि थंड हवा अंगावर आली. हवेला वास होता, अत्तराचा. तुझा आज्जा दारातच उभा राहिला. मागची माणसं ढकलायला लागली तरी हलेना. मला वाटलं चक्कर आली. तर त्यानं दोन्ही हात पुढं केले होते, हे असे. भट्टीवर शेकायला करतात तसे, पण थंडीसमोर. मग आत मोठ्ठं दालन. वर झुंबर. जिना असा वळत गेलेला, बर्फीवर चांदीचा वर्ख सुरकुततो तसा. भिंतींना कुठं कोपराच नाही. आणि दिवे दिसत नाहीत, नुसता उजेड दिसतो. मग पडदा..."

या 'मग पडदा' पाशी ती नेहमी थांबते. पडदा कसा वर गेला, किती चुण्या पडल्या, त्यावरचे रंग कसे बदलत गेले, हे सांगायला तिला सिनेमाच्या मध्यंतरापेक्षा जास्त वेळ लागतो.

घरी आल्यावर गच्चीवर बैठक बसली. जयपुरात तेव्हा उन्हाळ्यात सगळं शहर गच्चीवर झोपायचं. दगडी फरशीवर संध्याकाळी पाणी मारायचं, वाफ निघून गेली की गाद्या टाकायच्या. शेजारच्या हवेल्यांच्या गच्च्या भिंतीला भिंत लागून. आत्या मराठीत आज्जीला सांगायला लागली, आणि भिंतीपलीकडून एक मारवाडी काकी म्हणाल्या, "हिंदी में बोल, छोरी, हम भी सुनें." मग ती हिंदीत सांगू लागली. दुसऱ्या रात्री भिंतीपलीकडे सात-आठ बायका होत्या. घुंगट बाजूला सारून, पंखे हलवत. 'चरस' तीन रात्री चालला.

त्या सिनेमाची सुरुवात युगांडातून परागंदा व्हावं लागलेल्या हिंदी कुटुंबापासून होते. इदी अमीननं १९७२ साली तिथल्या भारतीयांना देश सोडायला लावला, त्याचा तो संदर्भ. पुढे सगळी तस्करी, मारामाऱ्या, माल्टातली चित्रं. पण आज्जी पहिल्याच रात्री अडली. "त्यांचं घर?" ती म्हणाली. "ज्या घरातनं निघाले ते घर कुणाकडं राहिलं?" आत्याला ते माहीत नव्हतं, सिनेमात ते नव्हतंच. आज्जी तिसऱ्या रात्रीपर्यंत तेच विचारत राहिली. खानापूरकडचं तिचं स्वतःचं घर तेव्हा बंद होतं, एका भावकीच्या ताब्यात. शेवटी आत्यानं तिच्यासाठी एक प्रसंग रचला. नायक परत जातो, कुलूप उघडतो, अंगणात तुळस अजून हिरवी असते. भिंतीपलीकडच्या बायकांनी हुंदके दिले. मी मोठी झाल्यावर 'चरस' बघितला तेव्हा त्या प्रसंगाची वाट बघत शेवटपर्यंत बसले होते.

पुढची गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि कळली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आज्जा असायला हवा होता. राजमंदिरचं रेखाटन करणारे वास्तुरचनाकार होते वामन मोरेश्वर नामजोशी. मराठी माणूस. मुंबईचं लिबर्टी थेटर १९४९ साली उघडलं. त्याचे मूळ वास्तुरचनाकार रिडली ॲबट विमान अपघातात गेल्यावर आतली सजावट ज्यांनी पुरी केली, त्यांत नामजोशी होते. मुंबई सेंट्रलसमोरचं मराठा मंदिर त्यांचं, १९५८ सालचं. तिथंच १९६० साली 'मुघल-ए-आझम' पहिल्यांदा दाखवला गेला. दिल्लीच्या दर्यागंजातलं गोलछा थेटरही त्यांचंच. ज्या जिन्याला आत्या चांदीचा वर्ख म्हणते आणि ज्या भिंतींना कोपरा सापडत नाही, त्या एका मराठी डोक्यातून आलेल्या. आज्जा मोत्यात बसला होता आणि त्याच्या डोक्यावरचं छत आपल्याच माणसानं आखलं आहे, हे त्याला कुणी सांगितलं नाही. तो म्हणायचा, "असलं काम करणारा गडी गाळणारा पायजे. खोट न्हाई ठेवली." गलाईवाल्याच्या तोंडची याहून मोठी शाबासकी मला माहीत नाही.

आणखी एक धागा आहे. आमच्याकडे सकाळी दूध घालायला जयपूरच्या बाहेरच्या खेड्यातून एक माणूस सायकलवर यायचा. त्याचं आणि आज्जाचं चांगलं जमे, दोघंही कोरडवाहू मुलखातले. राजमंदिर बघून आल्याच्या दुसऱ्या दिवशी आज्जा त्याला थेटर सांगायला लागला, तर तो शांतपणे म्हणाला, आमच्या गावात तर रोज संध्याकाळी चित्र येतं. आकाशातून. फुकट.

आज्जाला ती थाप वाटली. जयपुरात सराफांच्या हवेल्यांत टीव्ही नाही आणि याच्या गावात? पण दूधवाला खरं बोलत होता. शाळेच्या ओसरीवर लाकडी पेटीत टीव्ही, छपरावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी छत्री. सूर्य मावळला की गाव जमायचं. पुढे पोरं, मग पुरुष, बाजूला ओढण्या घेतलेल्या बायका. बियाणं कसं निवडावं, गुरांना काय होतं, लेकराला काय पाजावं, आणि मधूनच गाणं, नाच, कठपुतळी.

हा 'साइट' नावाचा प्रयोग. त्याचा करार विक्रम साराभाईंच्या काळात, १९६९ साली, अणुऊर्जा विभाग आणि नासा यांच्यात झाला. अमेरिकेनं आपला एटीएस-६ हा उपग्रह एका वर्षासाठी भारताला वापरू द्यायचा, कार्यक्रम आपले, जमिनीवरची सगळी यंत्रणा आपली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. सहा राज्यांतली २४०० खेडी. राजस्थान त्यातलं एक. साराभाई १९७१ च्या डिसेंबरात गेले. ज्यांनी हा प्रयोग प्रत्यक्षात चालवला, त्या अहमदाबादच्या मंडळींत त्याची व्यवस्थापकीय धुरा वाहणारे होते एकनाथ चिटणीस. जन्म १९२५, कोल्हापूर.

कोल्हापूर हे नाव वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. १९२९ साली १ जून याच तारखेला प्रभात फिल्म कंपनी निघाली ती कोल्हापुरात. आज्जाचा तंबूतला तुकाराम तिच्याच पोटचा, कंपनी पुण्याला गेल्यानंतरचा. जयपूर संस्थानातल्या उनियाऱ्यात जन्मलेल्या गायक अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी कोल्हापुरात ठेवून घेतलं आणि महाराष्ट्राला जयपूर घराणं मिळालं. त्याच कोल्हापूरच्या एका शास्त्रज्ञानं जयपूरच्या भोवतालच्या धुळीत आकाशातून चित्र उतरवलं. या देवघेवीची कुठं वही नाही. मला ती मांडून ठेवावीशी वाटते.

राजमंदिर उघडलं तेव्हा साइटचे शेवटचे दोन महिने राहिले होते. बरोबर एकसष्ट दिवस. त्या एकसष्ट दिवसांत रोज सकाळी भट्टीच्या दारात दोन माणसं एकमेकांना सांगत होती. एक नामजोशींचं थेटर सांगायचा, दुसरा चिटणीसांची छत्री. दोघांनाही ही नावं ठाऊक नव्हती. दूधवाला कधी राजमंदिरात गेला नाही, आज्जा कधी त्याच्या गावात गेला नाही. पण पुढे कित्येक वर्षं आज्जा ती ओसरी अशी सांगायचा की ऐकणाऱ्याला तो तिथं बसून आलाय असंच वाटावं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दूधवाला आला आणि म्हणाला, "चली गई." उपग्रह परत निघाला होता. टीव्ही जागच्या जागी होता, छत्री होती, पण आत नुसती मुंग्यांची खरखर. पहिले काही दिवस लोक तरीही जमत राहिले. पोरं त्या खरखरीकडेच बघत बसायची. मग आज्जानं त्याला काय सांगावं? तो म्हणाला, "आता तू सांग की त्यास्नी. तुझ्या ध्यानात हाय न्हवं?" दूधवाल्यानं खरंच तसं केलं का, हे आज्जाला कधी कळलं नाही. मला मात्र तो ओसरीवर, बंद पेटीला पाठ टेकून बसलेला दिसतो. पुढच्या वर्षी जयपुरात जमिनीवरचं प्रक्षेपण सुरू झालं, पण तोवर दूध दुसरा माणूस घालू लागला होता.

आमच्या घरात टीव्ही आला तो 'रामायण'च्या निमित्तानं. २५ जानेवारी १९८७ ला ती मालिका सुरू झाली तेव्हा मी सात वर्षांची होते. ज्या रामानंद सागरांच्या सिनेमानं राजमंदिर उघडलं, त्यांच्याच मालिकेनं रविवारी सकाळी जोहरी बाजार ओस पाडला, हे आज्जा जाणून होता आणि पुन्हापुन्हा सांगायचा. पेटीला हळद-कुंकू लागायचं. गल्लीतले तीस-चाळीस जण आमच्या चौकात. भिंतीपलीकडच्या त्याच मारवाडी काकी, आता म्हाताऱ्या, त्यांना सगळ्यांत पुढे खुर्ची.

पण त्याच सुमाराला घरात एक गोष्ट थांबली, आणि ती थांबल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळ्यांनी एकदमच बघितलं, मग सांगायचं कुणाला? आज्जी मात्र एपिसोड संपल्यावर आत्याकडे बघायची. वाट बघत असल्यासारखी. आत्या म्हणायची, "आई, आत्ताच तर बघितलंस." आणि आज्जी म्हणायची, "व्हय, पर तू सांगितलं न्हाईस."

मधली वर्षं भराभर गेली. केबल आली. १९९९ साली अल्फा मराठी सुरू झाल्यावर आज्जीनं केबलवाल्याच्या मागे लागून त्या वाहिनीचं बटण मिळवलं, आणि परमुलखात चाळीस वर्षं काढलेल्या त्या बाईनं पहिल्यांदा टीव्हीवर रोज मराठी स्वयंपाकघर बघितलं. 'आभाळमाया' मालिका लागली की ती भांड्यांचा आवाज होऊ देत नसे. गोष्टीपेक्षा त्या घरातल्या भिंती, फडताळं, बोलणं ती बघायची असं आत्याला वाटतं. आज्जा २००४ साली गेला, आज्जी त्याच्यानंतर दोन वर्षांनी. माझं लग्न होऊन मी पुण्याला आले. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा लावलं तेव्हा आत्या तिकडे आणि मी इकडे एकाच वेळी बघायचो, फोन चालू ठेवून, एक अक्षर न बोलता.

आणि आता ही रविवारची नावं. माझ्या मुलीच्या वयाची पोरं एकमेकांना काय बघितलं ते विचारतात, उत्तरात नाव येतं, नावाला जोडून चांगलं किंवा वाईट, आणि संपलं. पुढचं सांगू नकोस, मला बघायचंय, असं बजावतात. गोष्ट आधी कळली तर ती बिघडते, ही समजूत मला आजही पटत नाही. हल्दियों का रास्त्याच्या गच्चीवर कुणीच गोष्ट आधी कळल्यानं नाराज झालं नव्हतं. ऐकलेलाच सिनेमा पुढे कधी बघायला मिळाला तर बायका सण आल्यासारख्या निघायच्या.

म्हणून गेल्या जूनमध्ये, आत्यानं विचारल्यावर, मी ठरवून सांगायला बसले. 'पंचायत' मालिकेचा नवा भाग बघत होते मी. म्हटलं, "फुलेरा नावाचं एक गाव आहे..."

"फुलेरा? आपलं फुलेरा? जंक्शनचं?"

जयपूर जिल्ह्यातलं फुलेरा जंक्शन तिला आठवणारच. म्हटलं, नाही, हे उत्तर प्रदेशातलं दाखवलंय, बलिया जिल्ह्यात. तिथं शहरातला एक मुलगा पंचायतीचा सचिव म्हणून येतो. पण ते काम करणारा जितेंद्र कुमार आपल्या अलवरकडचा, खैरथलचा. ती खूश झाली. मी पुढे सरकणार तेवढ्यात तिनं अडवलं.

"थांब. आधी पडदा सांग."

"आत्या, मी फोनवर बघितलं. पडदा कुठला?"

"मग कुठं बसली होतीस? अंधार होता का?"

मी जरा आठवलं. मग सांगायला लागले. रात्रीचे साडेदहा. स्वयंपाकघर. लाइट गेले होते, बाहेर पाऊस, सगळ्या सोसायटीत अंधार. फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला होता. त्याच्या काचेला डावीकडे एक तडा आहे, त्यामुळे सचिवाच्या खोलीची खिडकी मला कायम दुभंगलेली दिसते. ओट्यावर उद्याचे वाटाणे भिजत होते. चित्राचा उजेड त्या पाण्यात हलत होता.

पलीकडून आत्या कुणाला तरी म्हणाली, गॅस बारीक कर आणि इकडं येऊन बस. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला, पाठोपाठ दुसरीचा.

"हां," ती म्हणाली, "आता सांग."